ईगॉर सिकोर्स्की व त्याचें पहिलें हेलिकॉप्टर

दिवाळीची सुटी लागली कीं आमच्या शिवाजी पेठेच्या गल्लीबोळांतून किल्ल्यांसाठीं माती वाहिली जाते. बुरूज उभे राहतात, अळीव पेरला जातो, मावळे पहाऱ्यावर बसतात. अलीकडे त्या मावळ्यांच्या शेजारीं एखादें रिमोटवर उडणारें हेलिकॉप्टरही उतरलेलें दृष्टीस पडतें. तें बहुधा मोडलेलें असतें. सकाळीं दुकानांतून आणलेलें खेळणें सायंकाळीं शेपटी तुटून किल्ल्याच्या दारांत पडावें, आणि त्यासाठीं पैसे मोजणाऱ्या वडिलांनीं कपाळास आठ्या घालाव्या, हा प्रकार इतका नित्याचा झाला आहे, कीं पहिलें हेलिकॉप्टर कोणतें घ्यावें हा प्रश्न आतां केवळ मुलांचा राहिलेला नाहीं. दुकानदार ह्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतो व तें वाक्य बहुधा सर्वांत महाग डब्याकडे बोट दाखवितें. आम्ही तें उत्तर एका मनुष्याच्या चरित्रांत शोधण्याचें योजिलें आहे. ह्या मनुष्यानेंही एकदां आपलें पहिलें हेलिकॉप्टर निवडलें होतें. तेंही उडालें नाहीं. आणि त्यासाठीं लागलेले पैसेही दुसऱ्याचे होते.

ईगॉर इव्हानोविच सिकोर्स्की ह्याचा जन्म २५ मे १८८९ रोजीं कीव्ह शहरीं झाला. हें शहर त्या काळीं रशियाच्या साम्राज्यांत मोडत असे. आज तें युक्रेन देशाची राजधानी आहे. पांच भावंडांत ईगॉर सर्वांत धाकटा. वडील मानसशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. आईनें वैद्यकाचा अभ्यास केला होता, परंतु त्या विद्येचा धंदा न करतां तिनें आपला वेळ मुलांच्या शिक्षणास दिला. लेओनार्दो दा व्हिंची ह्या थोर इटालियन चित्रकारानें चारशें वर्षांपूर्वीं, हवेंत मळसूत्राप्रमाणें शिरून वर चढणाऱ्या एका यंत्राचें चित्र काढून ठेविलें होतें, ही गोष्ट ईगॉरनें आईच्याच तोंडून ऐकिली. पुढें ज्यूल व्हर्नची एक कादंबरी त्याच्या हातीं पडली. तींत डोलकाठ्यांच्या टोकांवर पंखे बसविलेलें एक गलबत आकाशांत संचार करतें. ह्या दोन बीजांना अंकुर फुटावयास फार दिवस लागले नाहींत. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यानें रबराच्या पिळावर चालणारें एक लहानसें हेलिकॉप्टर स्वतःच्या हातांनीं तयार केलें, आणि तें उडालें.

येथें एक योगायोग सांगण्याजोगा आहे. ईगॉरच्या जन्मापूर्वीं, १८७८ सालीं, अमेरिकेंत मिल्टन राइट नांवाच्या एका बिशपनें आपल्या विल्बर व ऑर्व्हिल ह्या मुलांसाठीं असेंच एक खेळणें घरीं आणिलें होतें. बांबू, बूच, कागद आणि रबर एवढेंच त्याचें भांडवल. त्याची मूळ युक्ति आल्फोन्स पेनो ह्या फ्रेंच तरुणाची. त्या दोघां भावांनीं १९०३ सालीं विमान उडविलें. ईगॉरनें पुढें हेलिकॉप्टर उडविलें. आणि दोन्ही घरांत आरंभ झाला तो रबराच्या पिळापासून! म्हणून कोणी पालकानें पहिल्या खेळण्याविषयीं विचारलें तर आम्ही प्रथम ह्याचेंच नांव घेतों. त्यांत बॅटरी नाहीं, रिमोट नाहीं, मोडल्यास फारशी हळहळ नाहीं. पातें किंचित् वांकडें झालें तर तें कलतें. पीळ कमी पडला तर चढत नाहीं. वजन एका अंगास गेलें तर गिरक्या खात खालीं येतें. ह्या तीन गोष्टी ज्या मुलाच्या हातांना कळल्या आहेत, तो पुढें रिमोट हातीं आल्यावर पुष्कळ कमी मोडतोड करतो.

ईगॉरच्या शालेय जीवनांत सांगण्यासारखें फार नाहीं. १९०३ सालीं त्याला सेंट पीटर्सबर्ग येथील आरमारी विद्यालयांत घातलें. आपला ओढा गलबतांकडे नसून यंत्रविद्येकडे आहे हें तीन वर्षांत त्याच्या ध्यानीं आलें. तें विद्यालय सोडून तो कांहीं काळ पॅरिस येथें शिकला व परत येऊन कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्यें दाखल झाला. १९०८ च्या उन्हाळ्यांत तो वडिलांबरोबर जर्मनीस गेला असतां राइट बंधूंच्या उड्डाणांचें वृत्त त्याच्या वाचनांत आलें. मनुष्यास उडतां येतें हें आतां ठरून गेलें होतें. दुसरा कोणी असता तर त्यानें राइट बंधूंचा कित्ता गिरवून विमान बांधावयास घेतलें असतें. ह्या एकोणीस वर्षांच्या पोरानें निश्चय केला कीं, आपण धांवत जाऊन उडावयाचें नाहीं. उभ्या जागेवरून सरळ वर चढावयाचें.

परंतु पैसा कोठून यावा? त्याची थोरली बहीण ओल्गा पुढें आली व तिनें आपल्याजवळचे पैसे भावाच्या स्वाधीन केले. ते घेऊन जानेवारी १९०९ मध्यें तो पॅरिसला गेला. त्या काळीं पॅरिस म्हणजे वैमानिकांची पंढरीच होती. तेथें कॅप्टन फर्बर नांवाच्या एका अनुभवी उड्डाणवीराची त्यानें भेट घेतली. फर्बरनें त्याला आपुलकीनें समजाविलें कीं, हेलिकॉप्टरच्या नादीं लागून वेळ दवडूं नको, विमान बांध. सल्ला सोळा आणे खरा होता. ईगॉरनें तो ऐकून घेतला आणि मानला नाहीं. बहिणीच्या पैशांतून त्यानें आन्झानी ह्या कारागिराच्या कारखान्यांतील पंचवीस अश्वशक्तीचें इंजिन विकत घेतलें व मे महिन्यांत तें घेऊन तो घरीं परतला. ह्याच कारखान्याच्या इंजिनावर त्याच वर्षीं जुलै महिन्यांत ब्लेरियो ह्या फ्रेंच वैमानिकानें इंग्लिश खाडी ओलांडली व सर्व युरोपांत जयजयकार झाला. कीव्हमध्यें घराच्या बागेंत मात्र निराळेंच दृश्य दिसावयाचें होतें.

आतां निवडीचा मुद्दा आला. येथें आम्ही थोडें थांबतों. हेलिकॉप्टरची मुख्य अडचण वर चढण्याची नसून स्थिर राहण्याची आहे. रंकाळ्यांत नावेंत बसून शेजारची नाव हातानें ढकलली तर ती पुढें सरते, पण आपली नावही मागें जाते. त्याचप्रमाणें इंजिन डोक्यावरील पंखा एका दिशेस फिरवूं लागलें कीं खालचें सगळें यंत्र उलट दिशेस फिरूं पाहतें. ह्यावर दोन मुख्य उपाय आहेत. एक, एकाच दांड्यावर एकावर एक असे दोन पंखे बसवावे व ते परस्परांच्या उलट फिरवावे, म्हणजे एकाचा हिसका दुसरा मोडून काढतो. दुसरा, वर एकच मोठा पंखा ठेवून लांब शेपटीच्या टोकाशीं एक लहान पंखा आडवा बसवावा व त्यानें यंत्राचें तोंड धरून ठेवावें. ईगॉरनें पहिला उपाय निवडला. नवशिक्यानें हाच निवडावा असें आमचें मत आहे, आणि ईगॉरच्या यंत्राची पुढें जी गत झाली तिनें तें मत बदलत नाहीं.

गत अशी झाली: जुलैमध्यें इंजिन सुरू केलें तेव्हां सगळा सांगाडा थरथरूं लागला, एका अंगास कलूं लागला, आणि जमीन कांहीं सोडीना. महिन्यामागून महिने ईगॉर जोडणी बदलीत राहिला. ऑक्टोबरमध्यें त्यानें तें यंत्र उकललें. दोष दोन पंख्यांच्या कल्पनेंत नव्हता. इंजिन दुबळें होतें, पातीं ओबडधोबड होतीं, आणि त्यांविषयींचें शास्त्र अजून जन्मास यावयाचें होतें. १९१० च्या वसंतांत त्यानें दुसरें हेलिकॉप्टर पुरें केलें. हें आपलें स्वतःचें वजन उचलूं लागलें, पण मनुष्य बसवितांच जड होऊन बसे. आपल्या मापानें कोणी ह्याला अपयश म्हणेल. आमच्या मतें मात्र, काल मुळींच न हलणारें यंत्र आज स्वतःपुरतें तरी उठलें ही एका वर्षाची कमाई थोडी नव्हती. तथापि ईगॉर आतां शहाणा झाला होता. काळ अनुकूल नाहीं हें ओळखून त्यानें हेलिकॉप्टर बाजूस ठेविलें व फर्बरनें सांगितलेल्या वाटेनें तो विमानाकडे वळला.

त्या दोन-पंखी रचनेचा आज काय उपयोग, असें विद्यार्थी विचारतील. ईगॉरला जें साधलें नाहीं तें आज हाताच्या पंजाएवढ्या खेळण्यांत साधलें आहे, कारण लहान विजेच्या मोटारी व लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या त्याच्या वेळीं नव्हत्या. वर-खालीं दोन पंखे असलेलें लहान हेलिकॉप्टर रिमोटवरील बोट सैल केलें तरी बहुतांशीं जागच्या जागीं तरंगतें. वरच्या पंख्यावर आडवी बसविलेली वजनदार काडी त्याला तोलून धरते, आणि पोटांतला जायरो त्याचें तोंड भरकटूं देत नाहीं. ह्यांत तीन चॅनेलचें खेळणें चढतें-उतरतें, वळतें व पुढें-मागें जातें. चार चॅनेलचें ह्याशिवाय आडवेंही सरकतें. अगदीं पहिल्यासाठीं तीन पुरेत. एक दोष मात्र सांगितला पाहिजे. हीं हलकीं हेलिकॉप्टरें वाऱ्यापुढें टिकत नाहींत. रंकाळ्यावरून सायंकाळीं येणारी झुळूक आपल्याला सुखद वाटते. ह्या खेळण्यास ती शेजाऱ्यांच्या कौलांवर नेऊन ठेवते. म्हणून तें घरांत, पंखा बंद करून, किंवा शाळेच्या दिवाणखान्यांत उडवावें. गांधी मैदानावर फुटबॉल चाललेला असतां तेथें तें नेणें म्हणजे दोन्ही खेळांचा विचका करणें होय.

ईगॉरचें पहिलें विमान जमिनीवरून उठलेंच नाहीं. दुसरें जून १९१० मध्यें कांहीं सेकंद उडालें. तें दुसरें विमान मोडलें तोंवर त्याचा हवेंतील सर्व काळ मिळून कांहीं मिनिटांचाच भरला होता. आजच्या खेळण्याची एक बॅटरी संपावी, साधारण तेवढाच! पण प्रत्येक मोडलेल्या विमानाचे अवशेष त्यानें वेंचले, कोणता भाग आधीं तुटला तें पाहिलें, आणि पुढील यंत्रांत तो भाग बळकट केला. १९११ सालीं पांचवें विमान तासभर हवेंत राहूं लागलें. त्याच विमानाच्या एका उड्डाणांत इंजिन अकस्मात् बंद पडलें व तो कसाबसा खालीं उतरला. उकलून पाहतां पेट्रोलच्या नळींत एक मच्छर अडकलेला आढळला. एका मच्छरानें मनुष्याचा प्राण जावा हें त्याला सहन झालें नाहीं. एक इंजिन बंद पडलें तरी बाकीचीं चालतील असें विमान असलें पाहिजे, हा विचार त्या दिवशीं त्याच्या मनांत रुजला.

येथून पुढें आम्हांस त्याला अहो-जाहो केलें पाहिजे, कारण बागेंत खटपट करणारा पोर आतां एका मोठ्या कारखान्याचा मुख्य विमानरचनाकार झाला होता. १९१३ सालीं सिकोर्स्की ह्यांनीं चार इंजिनांचें विमान उडविलें. एवढें धूड उडणार नाहीं असें जाणते लोक म्हणत असत. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याहून मोठें इल्या मुरोमेत्स नांवाचें विमान तयार झालें. त्यानें १९१४ सालीं सोळा माणसें एकदम आकाशांत नेलीं, आणि त्याच उन्हाळ्यांत सेंट पीटर्सबर्गहून कीव्हपर्यंतचा प्रवास केला. लागलीच महायुद्ध पेटलें व प्रवाशांसाठीं केलेलें विमान बॉम्ब टाकूं लागलें. युद्धामागून राज्यक्रांति आली. १९१८ सालीं सिकोर्स्की ह्यांनीं मायदेश सोडला. फ्रान्समार्गें ३० मार्च १९१९ रोजीं ते न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरले तेव्हां जवळ पैसा नव्हता, इंग्रजी तोडकेंमोडकें होतें, आणि युद्ध संपल्यामुळें विमानें कोणासच नको होतीं. आपल्या देशबांधवांच्या मुलांमाणसांना गणित शिकवून त्यांनीं पोट भरलें.

१९२३ सालीं त्यांनीं पुनः कारखाना काढला. पण तो कारखाना म्हणजे लाँग आयलंडवरील एका स्नेह्याचें कोंबड्यांचें शेत होतें. कामगार बहुतेक निर्वासित रशियन, हत्यारें जुनीं, सामान भंगारांतून आणलेलें. पैसा संपत आला तेव्हां राख्मानिनोव्ह हे जगप्रसिद्ध संगीतकार धांवून आले व त्यांनीं पांच हजार डॉलरांचे भाग घेतले. त्या शेतांत बांधलेलें पहिलें विमान १९२४ च्या पहिल्याच उड्डाणांत आपटलें. दुरुस्त करून तें उडविलें. १९२६ सालीं अटलांटिक ओलांडण्यासाठीं केलेलें एक मोठें विमान जमीन सोडतांना कोसळून पेटलें व दोन माणसें दगावलीं. हा घाव मोठा होता. तरी कारखाना टिकला. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनीं त्याला हात दिला आणि १९३१ पासून त्यांचीं प्रचंड जलविमानें प्रवासी घेऊन समुद्रावरून जाऊं लागलीं. लहानपणीं ईगॉरला एक स्वप्न पडलें होतें: आपण एका अरुंद, निळसर प्रकाशाच्या वाटेनें चाललों आहों, पायाखालची जमीन मंद थरथरत आहे आणि हें सर्व आकाशांत आहे. ह्या १९३१ च्या विमानांत फिरतांना तें स्वप्न त्यांस आठवलें असें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे.

जगाच्या दृष्टीनें ते कृतार्थ झाले होते. बागेंतील यंत्र मात्र मनांतून गेलें नव्हतें. १९३१ सालींच त्यांनीं हेलिकॉप्टरच्या नव्या रचनेच्या पेटंटसाठीं अर्ज केला. ह्या वेळीं त्यांनीं दुसरा उपाय निवडला होता: वर एक पंखा आणि शेपटीला एक लहान पंखा. मध्यंतरीं जर्मनीत फॉके ह्यांच्या हेलिकॉप्टरनें १९३६ सालीं चांगलीं उड्डाणें केलीं होतीं, परंतु त्याचे दोन पंखे दोन बाजूंस पसरलेल्या हातांवर बसविलेले होते. एका पंख्याचें हेलिकॉप्टर व्यवहारांत आणणें बाकी होतें. सिकोर्स्की ह्यांस ती परवानगी व पैसा मिळाला तेव्हां त्यांनीं पन्नाशी गांठली होती. बहिणीचे पैसे खर्चून बांधलेलें यंत्र उकलून तीस वर्षें होत आलीं होतीं.

१४ सप्टेंबर १९३९ रोजीं अमेरिकेंतील स्ट्रॅटफर्ड गांवीं व्हीएस-३०० नांवाचें हेलिकॉप्टर प्रथम उठलें. उघडा लोखंडी सांगाडा, पंचाहत्तर अश्वशक्तीचें इंजिन, अठ्ठावीस फूट व्यासाचा तीन पात्यांचा पंखा. आणि आंत, डोक्यावर नेहमींची टोपी घालून, स्वतः सिकोर्स्की. दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यांत घालण्यापूर्वीं आपला घालावा ही त्यांची रीत होती. तें यंत्र जमिनीवरील जड वजनांना दोरांनीं बांधलेलें होतें. पहिलें उड्डाण कांहीं सेकंदांचें व कांहीं इंचांचें होतें. पन्नास वर्षांचा, चार-चार इंजिनांचीं विमानें उडविलेला मनुष्य इंचांनीं शिकत होता, हें चित्र आमच्या उतावळ्या मित्रांनीं डोळ्यांपुढें आणावें. एवढी काळजी घेऊनही डिसेंबरमध्यें वाऱ्याच्या झोतानें तें उलटलें व मोडलें. दुरुस्तीनंतर १३ मे १९४० रोजीं दोर सोडून तें मोकळें उडालें. गंमत अशी कीं तें सरळ वर जाई, मागें जाई, आडवेंही सरके. पण पुढें नीट जाईना! एका बड्या अधिकाऱ्यानें ह्याविषयीं विचारलें तेव्हां सिकोर्स्की ह्यांनीं, ती एक किरकोळ अडचण अद्याप सुटावयाची आहे, असें हंसत सांगितल्याची आख्यायिका आहे. ती किरकोळ अडचण सोडवितां सोडवितां १९४१ साल संपलें. दरम्यान त्याच वर्षाच्या ६ मे रोजीं दीड तासाहून अधिक वेळ अधांतरीं राहून ह्या यंत्रानें जर्मन हेलिकॉप्टरचा उच्चांक मोडला होता.

एक पंखा व शेपटी ही आज मोठ्या हेलिकॉप्टरांतील बहुतेकांची रचना आहे. म्हणून दुकानांत तसें खेळणें पाहिलें कीं मुलांस तेंच हवेंसें वाटतें. तें खऱ्यासारखें दिसतें हें खरें; पण तें उडविणाऱ्याकडून खऱ्यासारखेंच कौशल्यही मागतें. ह्यांतही दोन जाती आहेत. एका जातींत पात्यांचा कोन कायम असून पंख्याचा वेग कमीजास्त करून चढउतार होते. दोन-पंखी खेळण्यावर हात बसला कीं हें घ्यावें. दुसऱ्या जातींत पात्यांचा कोनच क्षणोक्षणीं बदलतो व तें हेलिकॉप्टर पाठीवर उलटेंही उडतें. तें पहिलें म्हणून घेऊं नये; मग त्याची जाहिरात कितीही मोहक असो. त्याचीं पातीं वेगानें फिरत असतां बोटास गंभीर इजा करूं शकतात. आरंभीं कोणतेंही हेलिकॉप्टर गुडघ्याएवढ्या उंचीवर, शेपटी आपल्याकडे ठेवून उडवावें. तोंड आपल्याकडे झालें कीं त्याचा उजवा हात तो आपला डावा होतो, आणि किल्ल्याच्या दारांत पडलेल्या पुष्कळ शेपट्यांचें कारण हेंच आहे.

रिमोटच्या बाबतींत एक नवल आहे. बिनतारी लहरींनीं दूरचें यंत्र चालविण्याचा प्रयोग निकोला टेस्ला ह्यांनीं १८९८ सालींच न्यूयॉर्क येथें हौदांत लहान होडी चालवून दाखविला होता. तरीही बिनतारी हुकमावर उडणारें हेलिकॉप्टर व्यवहार्य झालें तें सुमारें १९७० सालीं, जर्मनीतील डीटर श्ल्यूटर ह्यांच्या खटपटीनें. म्हणजे मनुष्य आंत बसून उडवितो तें हेलिकॉप्टर आधीं आलें आणि त्याचें खेळणें तीस वर्षांनीं! आंत बसलेल्यास यंत्राचा कल शरीरास जाणवतो; जमिनीवर उभा असलेल्यास तो केवळ डोळ्यांनीं ताडावा लागतो. ज्या पालकांस मुलाचा खेळ फार सोपा वाटतो, त्यांनीं एकदां रिमोट स्वतःच्या हातीं घेऊन पाहावा.

खरेदीच्या वेळीं रंग पाहूं नये, तर जादा पातीं, दांतेरी चक्रें व शेपटी सुटी मिळते किंवा नाहीं हें विचारावें. मिळत नसेल तर तें हेलिकॉप्टर फुकट दिलें तरी महाग आहे. अवरक्त किरणांवर चालणारा रिमोट स्वस्त असतो, पण उन्हांत तो निकामी ठरतो. रेडिओलहरींचा, ज्यावर २.४ गिगाहर्ट्झ असें छापलेलें असतें, तो घ्यावा. बॅटरी कोणी जवळ असतांच चार्ज करावी, अंथरुणावर ठेवून नव्हे. आणि फुगलेली बॅटरी पुनः वापरूं नये. वजन २५० ग्रॅमच्या आंत असावें. २०२१ च्या सरकारी नियमांप्रमाणें एवढ्या हलक्या यंत्रास चालकाचा परवाना लागत नाहीं. मात्र विमानतळाजवळ व मनाई केलेल्या जागीं उडविण्यास ह्यामुळें मोकळीक मिळत नाहीं.

सिकोर्स्की ह्यांच्या चरित्राकडे वळूं. व्हीएस-३०० पासून आर-४ हें हेलिकॉप्टर निघालें व १९४२ पासून तें लष्करांत दाखल होऊं लागलें. एप्रिल १९४४ मध्यें ब्रह्मदेशाच्या जंगलांत शत्रूच्या पिछाडीस एक लहान विमान पडलें. त्यांत एक वैमानिक व तीन जखमी ब्रिटिश शिपाई होते. आपल्या आसामांतील लालाघाट येथील तळावरून कार्टर हारमन हा तरुण अधिकारी आर-४ घेऊन निघाला. त्या उष्ण हवेंत तें यंत्र एका वेळीं एकाच मनुष्यास उचलूं शके. म्हणून त्यानें चार खेपा केल्या आणि चौघांनाही बाहेर काढलें. युद्धांत हेलिकॉप्टरनें माणसें वांचविल्याचा हा पहिला प्रसंग होय. पुढील वर्षीं, २९ नोव्हेंबर १९४५ रोजीं, सिकोर्स्की ह्यांच्या कारखान्याजवळच समुद्रांत वादळांत एक तेलवाहू पडाव खडकावर अडकला. लाटांमुळें होडी जवळ जाईना. तेव्हां हेलिकॉप्टरमधून दोर सोडून वरील दोन्ही माणसांना उचलून घेण्यांत आलें. तें हेलिकॉप्टर चालवीत होता दिमित्री व्हाइनर, सिकोर्स्की ह्यांचा भाचा. बहिणीनें १९०९ सालीं दिलेले पैसे ह्या कुटुंबांत असे परत आले म्हणावयाचे.

ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगेला महापूर येऊन आमच्या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें वेढलीं गेलीं, तेव्हां मदतीसाठीं आलेलीं हेलिकॉप्टरें कोल्हापूरच्या आकाशांत लोकांनीं मान वर करून पाहिलीं. तीं सिकोर्स्की ह्यांच्या कारखान्याचीं होतीं असें आमचें म्हणणें नव्हे. तथापि एक मोठा पंखा व शेपटीचा लहान पंखा ही ओळख कोणाही विद्यार्थ्यास आतां पटावी.

सिकोर्स्की अत्यंत मृदुभाषी व श्रद्धाळू होते. व्हीएस-३०० ची धांदल चालू असतांच, १९४२ सालीं, प्रभूच्या प्रार्थनेवर त्यांचें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध झालें. १९५७ सालीं त्यांनीं नोकरींतून निवृत्ति घेतली, पण कचेरींत येणें सोडलें नाहीं. मृत्यूच्या आदल्या दिवशींही ते आपल्या मेजावर काम करीत होते. २६ ऑक्टोबर १९७२ रोजीं, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं, ईस्टन येथें राहत्या घरीं त्यांचें देहावसान झालें. दोरांनीं बांधून उडविलेलें व्हीएस-३०० त्यांनीं १९४३ सालींच हेन्री फोर्ड ह्यांच्या डिअरबॉर्न येथील संग्रहालयास देऊन टाकिलें होतें व तें तेथें आहे. बागेंतील पहिलें दोन-पंखी हेलिकॉप्टर मात्र कोठेंच पाहावयास मिळत नाहीं. त्याचे भाग ईगॉरनें १९०९ च्या ऑक्टोबरमध्येंच, पुढच्याच्या तयारीसाठीं, सुटे करून ठेविले होते.